उजवा हात, उजवाच पाय

अशोक चौकाच्या मागे आमच्या बोळात लगोरी सुरू होते ती सायंकाळी सहानंतर. त्याआधी उन्हाळ्यात सोलापूरच्या रस्त्यावर अनवाणी पाय ठेवायची सोय नसते. परवा गॅलरीतून बघत होतो. भाच्याची पाळी आली. वय वर्षे आठ, अंगाने धट्टाकट्टा. त्याने चेंडू उजव्या हातात घेतला, उजवाच पाय पुढे टाकला आणि कोपरातून एक झटका दिला. चेंडू लगोरीच्या चार पावलं अलीकडेच मातीत बसला. “काय टाकायलास बे!” म्हणत पोरं हसली. दोन डाव असेच गेले आणि तिसऱ्या डावाला भाचा वर येऊन मोबाइल घेऊन बसला. बहीण म्हणाली, “आळशी आहे रे हा. जरा पळव त्याला.”

मला तो आळस वाटला नाही. अडचण त्याच्या पायात होती.

उजव्या हाताने फेकताना डावा पाय पुढे पडला की आधी कंबर वळते, मग छाती, मग खांदा, कोपर आणि सगळ्यात शेवटी मनगट. प्रत्येक भाग मागच्याकडून वेग घेऊन त्यात आपली भर घालतो, जसा चाबकाचा फटका मुठीतून निघून टोकाला जातो. उजवाच पाय पुढे टाकला तर कंबरेला वळायला जागाच उरत नाही आणि सगळा भार एकट्या कोपरावर येतो. तीन-चार वर्षांची बरीच मुलं अशीच फेकतात, त्यात वावगं काही नाही. पण आठव्या वर्षीही तेच चाललं असेल, तर मुलाने पुरेसे चेंडू फेकलेले नाहीत, बहुतेक वेळा एवढाच त्याचा अर्थ.

आपण धरून चालतो की दात येतात तशा हालचालीही वयाबरोबर येतात. चालणं बऱ्याच अंशी तसं येतं. फेकणं, झेलणं, लंगडी घालणं, चेंडूला लाथ मारणं ही मात्र कारक कौशल्यं, म्हणजे शरीराच्या हालचालींची कौशल्यं आहेत आणि ती शिकावी लागतात. शिकण्याचा मोठा भाग डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूत घडतो. नाव लहान, पण मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्जांच्या आसपास तिथेच असतात. हालचाल सुरू होताना तो अंदाज बांधतो: हात इथे जाईल, चेंडू तिथे पडेल. चेंडू दुसरीकडेच पडला की ती चूक नोंदवली जाते आणि पुढच्या खेपेचा अंदाज किंचित बदलतो. चूक झाली नाही, तर दुरुस्त काय करायचं? सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे उंच जड काठी, पेलणाऱ्याकडे बघा. काठी कललेली आपल्याला दिसायच्या आत त्याचं पाऊल सरकलेलं असतं. यात्रेआधी आठवडेच्या आठवडे चालणारा सराव म्हणजे त्या अंदाजांची घासणी.

शाळेच्या वयात आणखी एक काम चालू असतं. चेतातंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण चढत असतं. उघड्या तंतूतून संदेश सेकंदाला जेमतेम मीटर-दोन मीटर सरकतो. जाड आवरणाच्या तंतूतून तो शंभर मीटरच्या घरात धावू शकतो. वापरातल्या वाटांवर हे आवरण जास्त चढतं असं दिसून आलं आहे.

लंगडीचंच घ्या. दिसायला पोरखेळ, पण एका पायावर उभं राहायला तीन ठिकाणच्या बातम्या जुळाव्या लागतात: डोळ्यांकडून, कानाच्या आतल्या तोलयंत्रणेकडून, आणि स्नायू-सांध्यांमधल्या ताण मोजणाऱ्या चेतातंतूंच्या टोकांकडून. लहान मुलांचा भरवसा डोळ्यांवर फार. पाच वर्षांच्या मुलाला एका पायावर उभं करून डोळे मिटायला सांगा, लगेच डगमगेल. पुढच्या काही वर्षांत बाकीच्या दोन बातम्यांचं वजन वाढत जातं. लंगडीत तर तोल सांभाळत उड्या घ्यायच्या, वर पळणाऱ्या गड्याला शिवायचं. पोटऱ्या, घोटा, कंबर, नजर, सगळ्यांची एकदम परीक्षा. खेलो इंडियाच्या शालेय तंदुरुस्ती चाचणीतही पाच ते आठ वर्षांच्या मुलांना ६०० मीटर पळवत नाहीत. त्यांना अरुंद लाकडी पट्टीवर मिनिटभर एका पायावर उभं करून किती वेळा तोल जातो ते मोजतात, आणि दोन चकत्यांवर आळीपाळीने हात आपटायला लावून वेळ घेतात. घरी दोन स्टीलच्या ताटल्यांवर हे करून बघता येतं. आवाजाची तयारी ठेवा.

आता भाचा मोबाइल घेऊन का बसला, त्याकडे येऊ. वर्न सीफेल्ट या अमेरिकी संशोधकाने १९८० मध्ये एक कल्पना मांडली. मूलभूत हालचाली एका पातळीपर्यंत आल्या नाहीत, तर मूल पुढच्या खेळांच्या दारातच अडतं. २००८ मध्ये डेव्हिड स्टोडन आणि सहकाऱ्यांनी तिला चक्राचं रूप दिलं. जमत नाही म्हणून मूल कमी खेळतं, कमी खेळतं म्हणून दम आणि ताकद कमी, दम नाही म्हणून आणखी जमत नाही. पाचव्या वर्षी हे चक्र सैल असतं. त्या वयात कच्चं मूलही उड्या मारत फिरतं, कारण आपण कच्चे आहोत हे त्याला ठाऊक नसतं. आठ-नऊ वर्षांचं झालं की बरोबरीच्या पोरांशी तुलना कळू लागते आणि चक्र आवळतं. ऑस्ट्रेलियातल्या एका दीर्घ अभ्यासात प्राथमिक शाळेत फेकणं-झेलणं-लाथाडणं चांगलं येणाऱ्या मुलांचा दम किशोरवयातही चांगला आढळला होता. पळव म्हणून पोरगं पळत नाही. खेळता येऊ लागलं की तासभर पळतं आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही.

तो तास कमी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेलशी हालचाल, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू-हाडांना जोर देणारे खेळ सांगितले आहेत. शाळेच्या वेळापत्रकात पीटीचे तास आठवड्याला दोन-तीन. आमच्या वेळी त्यातला एक गणिताचे सर पोर्शन संपवायला नेत. आजही फार बदललं नसावं.

ताकदीबद्दल एक गैरसमज आहे. वयात येण्याआधी व्यायामाने मुलांची ताकद वाढते, पण दंड फुगत नाहीत. वाढते ती मेंदूची स्नायूतले जास्त तंतू एकदम कामाला लावण्याची हातोटी. त्यामुळे दंडाचा घेर मोजून निराश व्हायचं कारण नाही. हाडांचं गणित मात्र वेगळं. उंची सगळ्यात झपाट्याने वाढते, मुलींमध्ये बाराव्या आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास. त्याच्या आगेमागे दोन वर्षांत मोठेपणीच्या हाडांतल्या खनिजाचा जवळजवळ चौथा हिस्सा साठतो. दोरीच्या उड्यांना तेव्हा फार मोल. नेमक्या त्याच वर्षांत हातपाय एकदम लांब होतात, मेंदूतले जुने अंदाज चुकतात आणि पोरं दारावर आपटतात, पेले सांडतात. आणि नेमक्या त्याच वर्षांत आपण मुलींना गल्लीतून घरात बोलावतो. याचा मला मनापासून राग येतो.

सराव कसा, याचं एक छान उत्तर कर आणि बूथ यांच्या १९७८ मधल्या प्रयोगात आहे. आठ वर्षांच्या मुलांनी निशाणावर छोट्या पिशव्या फेकायच्या. एक गट फक्त तीन फुटांवरून सराव करत होता. दुसरा दोन आणि चार फुटांवरून, तीन फुटांवरून कधीच नाही. बारा आठवड्यांनी परीक्षा तीन फुटांवरून झाली आणि दुसरा गट सरस ठरला. बदलत्या अंतरांमुळे या गटाला फेकण्यातलं गणितच कळलं असावं. गल्लीतल्या लगोरीत अंतर रोज बदलतं, चेंडू कधी टेनिसचा, कधी चिंध्यांचा. उन्हाळी शिबिरात आठ वर्षांच्या पोराला एकाच फटक्याचा महिनाभर रट्टा लावणाऱ्या प्रशिक्षकांना मी हे सांगून पाहिलं आहे. त्यांनी हसून चहा मागवला.

शंभरातल्या पाच-सहा मुलांची अडचण मात्र सरावाच्या पलीकडची असते. शर्टाची बटणं, बुटाची नाडी, अक्षर, सायकल, सगळंच वयाच्या मानाने फार मागे असेल तर त्याला वेंधळा न म्हणता बालरोगतज्ज्ञाला किंवा रोजच्या कामांतल्या हालचाली शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवावं.

भाच्याचं तसं काही नव्हतं. आठवडाभर आम्ही दोघं गच्चीवर होतो. समोर खडूने एक पाऊल काढलं आणि सांगितलं, “फेकताना डावा पाय यावर.” कोपराचं, कंबरेचं काही बोललो नाही. पाचव्या दिवशी खडू पुसला.

काल तो पुन्हा बोळात उतरला. चेंडू लगोरीला लागलाच नाही. लगोरीच्या वरून गेला, पलीकडच्या दारात वाळत घातलेल्या चादरीवर जाऊन बसला. चादरीवर मातीचा गोल ठसा उमटला आणि तिथल्या आजींनी तेलुगूत काहीतरी खणखणीत सुनावलं. पळताना भाच्याने वर गॅलरीकडे बघितलं आणि डाव्या पायावर हात मारून दाखवला.