समूह-अस्मिता आणि आंतरसमूह संबंध

आपण कोण, या प्रश्नाचे उत्तर माणूस दोन तऱ्हांनी देतो. कधी नाव, स्वभाव, आवडीनिवडी सांगतो. कधी नुसते ‘आम्ही अमुक’ म्हणतो. दुसऱ्या तऱ्हेच्या उत्तरामागे जी स्वतःविषयीची जाणीव असते तिला सामाजिक मानसशास्त्रात समूह-अस्मिता म्हणतात. माणूस ज्या समूहात स्वतःला धरतो तो त्याचा स्वसमूह, बाकीचे परसमूह. दोन माणसे व्यक्ती म्हणून न वागता आपापल्या समूहांचे सभासद म्हणून एकमेकांशी वागू लागली, की तो व्यवहार आंतरसमूह संबंधांचा झाला. समोरासमोर दोघेच असले तरीही.

स्वसमूह आणि परसमूह ही जोडी अमेरिकी समाजशास्त्रज्ञ विल्यम ग्रॅहम सम्नर यांनी १९०६ मध्ये रूढ केली. आतली एकी आणि बाहेरचे वैर ही एकाच प्रक्रियेची दोन अंगे आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांना ते पटले नाही. पूर्वग्रहांवरील १९५४ च्या ग्रंथात त्यांनी मांडले, की आपल्या माणसांची ओढ आधी येते. परक्यांचा द्वेष तिच्या मागोमाग आलाच पाहिजे असे नाही. या शाखेतले पुढचे बरेचसे संशोधन म्हणजे या दोघांमधल्या वादाचा निवाडा करण्याची धडपड आहे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

ऑटोमन साम्राज्यात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी वैराचे मूळ हितसंबंधांत शोधले. १९५४ च्या उन्हाळ्यात ओक्लाहोमातील रॉबर्स केव्ह उद्यानात त्यांनी २२ मुलांचे शिबिर भरवले. सारी अकरा-बारा वर्षांची, सारख्या घरांतली आणि एकमेकांना अनोळखी. त्यांचे दोन गट केले. प्रत्येक गटाने स्वतःला नाव घेतले, झेंडा केला, नियम बसवले. मग बक्षिसांसाठी सामने लावले. बक्षीस एकाच गटाला मिळणार हे कळल्यावर काही दिवसांत शिवीगाळ, झेंडे जाळणे, रात्री दुसऱ्याच्या खोलीवर छापे, इथपर्यंत मजल गेली. दोन्ही गटांना नुसते एकत्र जेवायला बसवल्याने काही साधले नाही. उलट अन्नाची फेकाफेक झाली. पाणीपुरवठा बंद पडणे, ट्रक अडकणे अशा, दोघांनी मिळूनच सुटणाऱ्या अडचणी एकामागून एक उभ्या केल्या, तेव्हा कुठे तेढ उतरली.

पाठ्यपुस्तके येथे थांबतात. तसे थांबू नये. आदल्याच वर्षी, १९५३ मध्ये, शेरीफ यांनी असाच प्रयोग आरंभला होता. त्यात मुलांची आधी आपसात मैत्री होऊ दिली होती आणि नंतर गट पाडले होते. ती मुले भांडेनात. उलट शिबिराचे चालकच काहीतरी डाव करत असल्याचा त्यांना संशय आला आणि प्रयोग गुंडाळावा लागला. स्पर्धा लावली की वैर उगवतेच, हा निष्कर्ष त्यामुळे सावधपणे घ्यावा लागतो.

स्पर्धा नसतानाही भेदभाव होतो का, हा प्रश्न मानसशास्त्रज्ञ आंरी ताजफेल यांनी घेतला. ते १९१९ मध्ये पोलंडमधील ज्यू कुटुंबात जन्मले. फ्रेंच सैन्यात असताना जर्मनांच्या कैदेत सापडले. कैद करणाऱ्यांनी त्यांना फ्रेंच ज्यू मानले म्हणून ते वाचले. पोलिश ज्यू असल्याचे उघड झाले असते तर वाचण्याची आशा नव्हती. युद्धानंतर परतले तेव्हा जवळचे जवळपास सगळे नातलग मारले गेले होते. माणसावर कोणता शिक्का बसतो यावर जीव अवलंबून असतो, हे ज्याने भोगले त्यानेच शिक्क्यांचा इतका बारीक अभ्यास करावा, यात नवल नाही.

इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे त्यांनी केलेल्या आणि १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांना ‘किमान समूह’ प्रयोग म्हणतात. पहिल्यात १४-१५ वर्षांची ६४ शाळकरी मुले होती. पडद्यावर क्षणभर दिसणारे ठिपके किती, याचा अंदाज त्यांनी करायचा होता. मग ‘जास्त अंदाज करणारे’ आणि ‘कमी अंदाज करणारे’ असे गट सांगितले. प्रत्यक्षात वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. दुसऱ्या प्रयोगात क्ले आणि कँडिन्स्की या चित्रकारांपैकी कोणाची चित्रे आवडतात, हे निमित्त होते. पुढे प्रत्येकाने इतर दोन मुलांना पैशांत मोडणारे गुण वाटायचे. ती मुले कोण ते कळत नव्हते. फक्त क्रमांक आणि गट दिसत होता. स्वतःला काही मिळणार नव्हते. पूर्वीचे भांडण नाही, ओळख नाही, लाभ नाही.

तरीही मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. त्याहून लक्षणीय गोष्ट तपशिलात आहे. एका तक्त्यात आपल्या गटातल्या मुलाला १९ आणि दुसऱ्या गटातल्याला २५ देता येत होते. तसेच आपल्या गटातल्याला ७ आणि त्याला १, असेही. दोघांचे भले करणारा पर्याय उघडा असताना मुले फरक राखणाऱ्या बाजूकडे ओढली गेली, मग त्यात आपल्या गटाचे काही गुण गेले तरी चालतील. अर्थात न्यायाची ओढही आकड्यांत स्पष्ट दिसते. बहुतेकांनी टोक न गाठता मधला, आपल्याकडे किंचित झुकलेला पर्याय घेतला. हे वाक्य गाळून हा प्रयोग सांगितला, की माणूस जात्याच दुष्ट असल्याचा पुरावा म्हणून तो मिरवला जातो.

यातून ताजफेल आणि त्यांचे विद्यार्थी जॉन टर्नर यांनी १९७९ मध्ये सामाजिक अस्मिता सिद्धांत मांडला. माणसे जगाची गटांत वर्गवारी करतात, त्यांतल्या एकाशी स्वतःला जोडतात आणि त्याची इतरांशी तुलना करतात. तुलनेत आपला गट सरस ठरावा, कारण त्याच्या मानात आपला मान गुंतलेला असतो. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दाखवले, की विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की विद्यार्थी त्याच्या नावाचे कपडे अधिक घालतात आणि ‘आपण जिंकलो’ म्हणतात. हरला की ‘ते हरले’.

सिद्धांतावर आक्षेपही आहेत. आपल्या गटातले आपल्याला सांभाळून घेतील या अपेक्षेनेच माणूस त्यांना झुकते माप देतो, असे जपानमधील तोशिओ यामागिशी यांचे म्हणणे. त्या देवघेवीची शक्यता काढून टाकल्यावर पक्षपात ओसरल्याचे त्यांनी दाखवले. जर्मन संशोधक अमेली मुमेंडाय यांनी गुणांऐवजी कर्कश आवाज ऐकण्याचा वेळ वाटायला दिला, तेव्हा किमान समूहांत नेहमीचा पक्षपात दिसला नाही. आपल्याला थोडे जास्त देणे आणि परक्याला इजा करणे यांत अंतर आहे; ते अंतर ओलांडायला धोक्याची भावना, अपमान, टंचाई किंवा चिथावणी असे आणखी काही लागते. सम्नर-ऑलपोर्ट वादात पारडे ऑलपोर्टच्या बाजूला झुकते ते इथे.

समूहाचा चष्मा घातला की दिसणेही बदलते. परसमूहातले सगळे एकसारखे वाटतात, आपल्यात मात्र नाना स्वभाव दिसतात. आपल्यातल्याने चूक केली तर परिस्थितीला दोष, त्यांच्यातल्याने केली तर स्वभावाला. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ ही म्हण हेच सांगते. डोनाल्ड टेलर आणि वैष्णा जग्गी यांनी १९७४ मध्ये दक्षिण भारतातील हिंदू सहभागींच्या उत्तरांत हा कल नोंदवला: हिंदू व्यक्तीच्या चांगल्या वागणुकीचे कारण तिच्या आत शोधले गेले, मुस्लिम व्यक्तीच्या बाबतीत तसे घडले नाही.

मात्र ‘आम्ही’ची रेघ कायमची नसते. मार्क लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये इंग्लंडमध्ये मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांसमोर एक धावणारा माणूस पडून दुखावल्याचा देखावा घडवला. अंगात मँचेस्टरचा सदरा असेल तर मदत मिळे, प्रतिस्पर्धी लिव्हरपूलचा असेल तर बहुधा नाही. दुसऱ्या फेरीत सहभागींना आधी फुटबॉलप्रेमी असण्याविषयी लिहायला लावले. मग लिव्हरपूलच्या सदऱ्यालाही मदत मिळाली. साध्या सदऱ्यातला माणूस तेव्हाही उपेक्षित राहिला. वर्तुळ मोठे झाले, पण कोणीतरी बाहेर उरलाच.

समूह समान नसतात तेव्हा प्रश्न आणखी गुंततो. खालच्या पायरीवर ठेवलेल्या समूहातला माणूस काय करतो? वरच्या समूहात जाण्याची वाट मोकळी दिसली तर तो एकटा निघून जातो. ती बंद असली, तर समूह तुलनेचा मापदंड बदलतो: हिणवण्यासाठी वापरलेली खूणच अभिमानाने मिरवतो, किंवा वेगळ्याच गुणात सरसता शोधतो. रचना अन्याय्य आहे आणि बदलू शकते, असे दोन्ही वाटले तरच उघड सामूहिक संघर्ष उभा राहतो. उलटपक्षी, जॉन जोस्ट आणि महजरीन बानाजी यांनी १९९४ मध्ये मांडले, की वंचित लोकही पुष्कळदा चालू व्यवस्थेचे समर्थन करतात, जरी ती त्यांच्या हिताची नसते.

तेढ कमी करण्याचा सर्वांत तपासलेला उपाय ऑलपोर्ट यांचा आहे: संपर्क. समान दर्जा, समान उद्दिष्ट, सहकार्य आणि संस्थेचा पाठिंबा असेल तर संपर्काने पूर्वग्रह घटतात, असे त्यांनी म्हटले. टॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यास एकत्र तपासले. घट खरी आहे, माफक आहे. आणि चारही अटी पुऱ्या झाल्या नाहीत तरी ती होते, फक्त कमी.

या यशाला एक अडचणीची बाजू आहे, आणि ती बरीच उशिरा नीट अभ्यासली गेली. तमार सागी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रयोगातील बलवान आणि दुबळ्या गटांना एकमेकांतील साम्यांवर गोड बोलायला लावले. दुबळ्या गटाला वाटले, की आता ते आपल्याशी न्यायाने वागतील. प्रत्यक्ष वाटपाच्या वेळी बलवान गटाने आपला वाटा मोठाच ठेवला.