सायबर विमा : लघुउद्योगांतील डेटागळती

सायबर विमा : संगणकीय यंत्रणेतील माहिती उघड होणे, बदलली जाणे किंवा कुलूपबंद होणे यांमुळे व्यवसायाला सोसावा लागणारा खर्च आणि इतरांप्रती उद्भवणारे दायित्व यांची भरपाई करणारा विमाप्रकार. ‘विदाभंग’, ‘डेटाचोरी’ व ‘डेटागळती’ हे शब्द मराठीत एकमेकांच्या जागी वापरले जातात. प्रस्तुत नोंदीत ‘डेटागळती’ हा शब्द स्वीकारला आहे. कारण चोरलेली वस्तू मालकाकडे उरत नाही, माहिती मात्र उरते आणि म्हणूनच ती गेल्याचे कित्येकदा महिनोन्‌महिने कळत नाही.

या विम्याचा उगम कोठे मानावा, याविषयी एकमत नाही. अमेरिकेत १९९७ मध्ये एआयजी या विमा कंपनीमार्फत निघालेल्या इंटरनेट-दायित्व पॉलिसीला पहिलेपणाचा मान देण्याचा प्रघात आहे. दुसरे मत लंडनच्या लॉइड्स या विमा बाजारात सुमारे १९८० च्या दशकात बँकांसाठी निघालेल्या संगणक-गुन्हे पॉलिसीपर्यंत मागे जाते, तर तिसरे मत सॉफ्टवेअर व्यावसायिकांच्या चुका-उणिवांसाठीच्या दायित्व विम्याला मूळ मानते. १९९७ ची पॉलिसी मुख्यतः इतरांनी केलेल्या दाव्यांपुरती होती, हे लक्षात घेता तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. बँकांच्या पॉलिसीचा रोख गेलेल्या पैशावर होता, दायित्व विम्याचा रोख दुखावलेल्या ग्राहकावर. हे दोन प्रवाह आजही पुरते एकत्र आलेले नाहीत. कॅलिफोर्नियात १ जुलै २००३ पासून डेटागळती संबंधितांना कळवणे बंधनकारक झाले, तेव्हा कळवण्याचा व तपासाचा खर्चही पॉलिसीत येऊ लागला. सोनीच्या खेळ-जाळ्यातील २०११ च्या गळतीबाबत न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने २०१४ मध्ये असे ठरवले की, माहिती हॅकरांनी बाहेर काढली असल्याने सर्वसाधारण दायित्व पॉलिसी लागू होत नाही. स्वतंत्र पॉलिसीची गरज त्यामुळे अधोरेखित झाली. जून २०१७ मधील ‘नॉटपेट्या’ या घातक संगणकप्रणालीच्या हल्ल्यानंतर, युद्धातील हानी वगळणाऱ्या अपवादावरून वाद माजले आणि लॉइड्सने ३१ मार्च २०२३ पासून शासनपुरस्कृत हल्ले वगळणारे कलम आवश्यक केले.

भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ४३क हे २००८ च्या दुरुस्तीने आले. संवेदनशील वैयक्तिक माहिती जपण्यात हलगर्जी करणाऱ्या ‘निगम निकाया’वर ते भरपाईची जबाबदारी टाकते. त्यातील ‘निगम निकाय’ या संज्ञेत भागीदारी पेढी आणि एकमालकी व्यवसायही मोडतात, त्यामुळे चार मशिनांचा कारखानाही त्याच्या कक्षेत येतो. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. लघुउद्योगांना अंमलबजावणीसाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत मिळाली होती. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत आणि गळती न कळवल्यास २०० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होतात. दंड ठरवताना तो भरणाऱ्यावर होणारा परिणाम विचारात घ्यायचा असल्याने हे आकडे कमाल मर्यादाच समजावेत. दंडाची रक्कम शासनाकडे जमा होते, गळतीग्रस्ताला मिळत नाही. असा दंड विम्यातून भरता येईल काय, हा प्रश्न अनिर्णित आहे. पॉलिसीत ‘कायद्याने अनुज्ञेय असेल तेथे’ अशी सावध शब्दरचना आढळते.

सोलापुरात चादर, टॉवेल, शालेय गणवेश व विडी हे उद्योग आणि शेजारच्या धाराशिव, विजयपूर, कलबुर्गी जिल्ह्यांतील रुग्ण येणारी रुग्णालये यांत ही जोखीम वेगवेगळी दिसते. शाळेने गणवेशासाठी पाठवलेल्या यादीत मुलाचे नाव, इयत्ता व माप असते, म्हणजे ती अल्पवयीनांची माहिती ठरते; ती शाळेच्या कामासाठी वापरली जात असल्याने २०२३ च्या कायद्यानुसार मूळ जबाबदारी शाळेची राहते, पण शाळा करारातून तिचा आर्थिक भार शिंपीकामाच्या कारखानदाराकडे वळवू शकते. विडी कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीसाठी घेतलेल्या आधारच्या झेरॉक्स आणि त्यांचे मोबाइलवर काढलेले फोटो ही दुर्लक्षित बाब होय.

अक्कलकोट रस्ता आणि चिंचोळी येथील औद्योगिक वसाहतींत आगीचा विमा परिचयाचा आहे, कारण कॅश क्रेडिट देताना बँक तो मागतेच. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ व ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’ या प्रमाण पॉलिसी मालमत्तेच्या भौतिक हानीवर आधारलेल्या आहेत. खंडणीखोर प्रणालीने (रॅन्समवेअर) टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील फाइल कुलूपबंद केली, तर संगणक शाबूत असल्याने दावा उभा राहणे कठीण.

सायबर पॉलिसीतही उणिवा आहेत. टॉवेल निर्यातदाराच्या मेलपेटीत शिरून कोणी परदेशी खरेदीदाराला ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असे कळवले आणि रक्कम भलत्याच खात्यात गेली, असे समजा. पैसा खरेदीदाराच्या खात्यातून गेला, माल निर्यातदाराचा गेला. गेलेल्या पैशाची भरपाई देणारे कलम बहुधा विमेदाराच्या स्वतःच्या खात्यापुरते असते आणि दायित्वाच्या कलमासाठी खरेदीदाराने दावा करावा लागतो. तो तर ‘मी पैसे भरले’ म्हणून मोकळा झालेला असतो. दोन प्रवाहांमधील उपरोक्त फट ती हीच. ‘बनावट बिल-सूचना’ असे स्वतंत्र कलम मागून घेतले तरच ती काही अंशी बुजते आणि तेथेही उपमर्यादा मूळ विमारकमेपेक्षा बरीच कमी असते.

बहुतेक पॉलिसी दावा-दिनांकावर चालतात, म्हणजे दावा पॉलिसीच्या मुदतीत व्हावा लागतो. पॉलिसीत नमूद केलेल्या पूर्वलक्षी तारखेआधी झालेली घुसखोरी नंतर उघडकीस आली तरी ती वगळली जाते. धंदा बंद राहिल्याच्या भरपाईला काही तासांचा प्रतीक्षाकाळ असतो. प्रस्तावपत्रात ‘बॅकअप वेगळ्या जागी ठेवता काय?’ असा प्रश्न असतो आणि पुष्कळदा एजंटच त्यापुढे ‘होय’ लिहून मोकळा होतो. विमा करार परम सद्‌भावावर, म्हणजे सारे काही खरे सांगण्याच्या बंधनावर, उभा असल्याने हे उत्तर चुकीचे निघाल्यास विमा कंपनीला दावा नाकारण्यास आधार मिळतो. पेनड्राइव्हवर घेतलेला बॅकअप त्याच संगणकाला अडकवलेला राहिला असेल, तर तो वेगळ्या जागी ठेवला असे म्हणता येत नाही. मूळ फाइलबरोबर तोही कुलूपबंद होतो.