पट्टीची पावती, सहीची चिठ्ठी आणि बायबल: लिव्हरपूलच्या नगरपरिषद निवडणुकांची पार्श्वभूमी

26 डिसेंबर 1835, शनिवार. नाताळच्या दुसऱ्याच दिवशी इंग्लंडमधल्या लिव्हरपूल बंदरात नव्या नगरपरिषदेसाठी सकाळी नऊ वाजता मतदान सुरू झालं आणि दुपारी चारला संपलं. व्हिक्टोरिया गादीवर यायला अजून दीड वर्ष होतं. पण तिच्या कारकिर्दीच्या सुरुवातीच्या काळात या बंदरात जे राजकारण पेटलं, त्याची ठिणगी या एका दिवसात आहे.

त्याआधीचा कारभार कसा होता ते पाहू. जॉन राजाने 1207 मध्ये गावाला सनद दिली. पुढे कारभार 41 जणांच्या मंडळाकडे आला. या मंडळात जागा रिकामी झाली की उरलेले सभासदच नवा माणूस निवडत. गावाला विचारायचा प्रश्नच नव्हता. मताचा अधिकार होता तो ‘फ्रीमन’ लोकांना. बाप फ्रीमन असेल किंवा सात वर्षं उमेदवारी करून धंदा शिकला असेल, तर हा हक्क मिळे. पार्लमेंटच्या आणि महापौराच्या निवडणुकीत त्यांचं मत चाले. साखर, कापूस आणि 1807 पर्यंत गुलामांचा व्यापार यांवर गब्बर झालेल्या शहरात या मतांचा उघड बाजार भरायचा. 1827 ची महापौराची निवडणूक पैशांच्या उधळणीने गाजली. 1830 मध्ये खासदार हस्किसन रेल्वेच्या उद्घाटनाच्या दिवशीच इंजिनाखाली सापडून गेले आणि पोटनिवडणूक लागली. तिच्यात दोन्ही बाजूंनी मिळून एक लाख पौंडांच्या आसपास खर्च केला. विल्यम युअर्ट 29 मतांनी जिंकले, पण लाचखोरीच्या तक्रारीमुळे ती निवड रद्द झाली.

या पार्श्वभूमीवर सप्टेंबर 1835 मध्ये नगरपालिका कायदा मंजूर झाला. इंग्लंड आणि वेल्समधली 178 शहरं त्याच्या कक्षेत आली. जुनी मंडळं बरखास्त झाली आणि मताचा हक्क करदात्याकडे गेला. अट अशी की माणूस पुरुष हवा, शहरात किंवा सात मैलांच्या आत राहणारा हवा, गावात त्याच्या ताब्यात घर किंवा दुकान हवं आणि चालू वर्ष धरून तीन वर्षांची गरीबपट्टी (गरिबांच्या मदतीसाठीचा स्थानिक कर) भरलेली हवी. जन्म, जात, बापाचं नाव यांपेक्षा हातातली पट्टीची पावती मोठी ठरली. (हीच कल्पना पुढे मुंबईतही आली. 1872 च्या कायद्याने मुंबईच्या 64 नगरसेवकांपैकी 32 करदात्यांनी निवडायचे ठरले.)

लिव्हरपूलचे 16 वॉर्ड पाडले, प्रत्येकी तीन नगरसेवक, एकूण 48. त्यांनी मिळून 16 आल्डरमन, म्हणजे परिषदेतले ज्येष्ठ सभासद, निवडायचे. दरवर्षी 1 नोव्हेंबरला एक तृतीयांश नगरसेवक निवृत्त होणार, म्हणजे प्रत्येक वॉर्डात वर्षाला एक जागा लढवली जाणार. शहर दर शरद ऋतूत ढवळून निघणार, ही तजवीज कायद्यातच होती.

मतदान कसं होई, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मतदाराने एक चिठ्ठी आणायची. तिच्यावर ज्यांना मत द्यायचं त्यांची पूर्ण नावं, पत्ते, व्यवसाय. खाली स्वतःची सही आणि ज्या घरावर पट्टी भरतो ती गल्ली. ती चिठ्ठी अधिकाऱ्याच्या हातात द्यायची. अधिकारी फार तर विचारू शके: चिठ्ठीवर सही करणारे तुम्हीच का? यादीत नाव आहे ते तुमचंच का? या निवडणुकीत आधी मत दिलंय का? नंतर सगळ्या चिठ्ठ्या नगरपालिकेच्या चिटणीसाकडे निदान सहा महिने राहत आणि एक शिलिंग भरून कुणीही मतदार त्या चाळू शके. घरमालक, गिऱ्हाईक, धर्मगुरू, मालक, कुणालाही कळणार की अमक्याने कुणाला मत दिलं. गुप्त मतदान आलं ते 1872 मध्ये. तोवर मत देणं म्हणजे चारचौघांत बाजू घेणं होतं. दुकान चालवणाऱ्या माणसाला त्यासाठी किती धीर लागत असेल!

पहिल्या निवडणुकीत सुधारकांनी जुन्या टोरी (परंपरावादी पक्षाच्या) मंडळाचा धुव्वा उडवला. विल्यम वॉलेस करी महापौर झाले, पुढच्या वर्षी विल्यम रॅथबोन. मायकेल व्हिटी यांच्या हाताखाली नवं पोलीस दल उभं राहिलं. पण वाद पेटला तो शाळांवरून.

नगरपालिकेच्या दोन शाळा होत्या, 1827 मध्ये सुरू झालेल्या, एक उत्तरेला, एक दक्षिणेला. मुलं गोदीकामगारांची, त्यांत आयरिश कॅथलिकही पुष्कळ. पण शिक्षण मात्र अँग्लिकन चर्चच्या, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत प्रॉटेस्टंट पंथाच्या, वळणाचं. सुधारकांनी 1836 मध्ये आयर्लंडमधली पद्धत आणली: सगळ्या पंथांच्या मुलांनी एका वर्गात शिकायचं, सर्वांना चालतील असे बायबलमधले निवडक उतारे वाचायचे, आपापल्या पंथाचं शिक्षण वेगळ्या वेळेत घ्यायचं. माझ्या मते त्या नगरपरिषदेने केलेलं हे सर्वांत उदार काम. पण मूळचे आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टरचे प्रॉटेस्टंट धर्मगुरू ह्यू मॅकनील यांनी व्यासपीठावरून रान उठवलं की नगरपरिषदेने शाळेतून बायबल हद्दपार केलं. टोरींना ही घोषणा आयतीच मिळाली. दर नोव्हेंबरात गटारं, दिवे, पट्टी मागे पडायची आणि प्रत्येक वॉर्डात एकच सवाल उरायचा: तू बायबलच्या बाजूचा की पोपच्या? वर्षाला थोड्या थोड्या जागा निसटत गेल्या आणि नोव्हेंबर 1841 मध्ये सुधारकांचं बहुमत गेलं. 1842 च्या सुरुवातीला अधिकृत प्रॉटेस्टंट बायबल आणि प्रार्थना सक्तीच्या झाल्या. कॅथलिक मुलांनी शाळा सोडल्या. ज्यांच्यासाठी दप्तर आणि पाटी नवीन होती, ती पोरं त्या थंडीत शाळेबाहेर आली. हे वाचताना आजही जीव कळवळतो.

टोरींची सत्ता पुढे जवळपास अखंड 1892 पर्यंत टिकली. त्याला मतदारयादीचाही हातभार होता. कॅसल स्ट्रीटच्या व्यापारी वॉर्डाला तीन नगरसेवक आणि व्हॉक्सहॉलच्या गजबजलेल्या कामगार वस्तीलाही तीनच. त्यातही ज्यांची पट्टी घरमालक भरायचा किंवा जे तळघराच्या एका खोलीत राहायचे, त्यांचं नाव यादीत येणं दुरापास्त. या वस्त्यांतलं जगणं कसं होतं, ते आरोग्य-सुधारक एडविन चॅडविक यांच्या 1842 च्या अहवालात दिसतं. त्यात लिव्हरपूलमधलं मृत्यूचं सरासरी वय दिलंय: उच्चभ्रूंचं 35, व्यापारी-दुकानदारांचं 22, मजुरांचं 15.

त्याच टोरी नगरपरिषदेने 1846 चा आरोग्य कायदा करवून घेतला आणि 1 जानेवारी 1847 पासून डॉ. विल्यम हेन्री डंकन यांना नेमलं. शहराचा आरोग्य अधिकारी असं पद ब्रिटनमध्ये पहिल्यांदाच निर्माण झालं. त्या एका वर्षात दुष्काळातून पळालेले तीनेक लाख आयरिश लोक या बंदरात उतरले. कित्येक पुढे अमेरिकेला गेले. जे उरले ते त्याच ओल्या तळघरांत शिरले, आणि टायफस हा उवांमुळे पसरणारा जीवघेणा ताप पसरला. नव्या कायद्याखाली नगरपालिकेने तळघरं रिकामी करायला घेतली तेव्हा बाहेर काढलेल्या त्या कुटुंबांपैकी फारच थोड्यांची नावं 1 नोव्हेंबरच्या मतदारयादीत होती.