फायटर मासा बरणीत का आजारी पडतो

मुंबईत कुर्ल्याला किंवा क्रॉफर्ड मार्केटला मासे घ्यायला गेलात की फायटर हमखास दिसतात, छोट्या बरण्यांत नाहीतर प्लॅस्टिकच्या पेल्यांत एकेकटे. दोन नर एकत्र सोडले तर एकमेकांचे पर फाडतात, त्यामुळे त्यांना वेगळं ठेवणं भागच आहे. वाद आहे तो पाण्याच्या मापावरून. विक्रेत्यांचं उत्तर ठरलेलं असतं: "हा हवेतून श्वास घेतो, भाताच्या खाचरात राहतो, याला पेलाभर पाणी पुरतं."

हवेची गोष्ट खरी आहे. फायटरच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर घड्याघड्यांचा एक अवयव असतो, लॅबिरिंथ. वर येऊन घेतलेल्या हवेतला ऑक्सिजन तिथून रक्तात जातो. म्हणून साचलेल्या, ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यातही तो तगतो. पण मासा अमोनिया बाहेर टाकतो तो मुख्यतः कल्ल्यांतूनच, आणि तो ज्या पाण्यात टाकतो त्यातच त्याला राहायचं असतं. थायलंडमधलं खाचर उथळ असलं तरी ते दूरवर पसरलेलं असतं. त्यात चिखल, वनस्पती आणि अमोनिया पचवणारे जीवाणू असतात. पेल्यात यातलं काहीच नसतं.

अमोनिया किती घातक ठरेल हे पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे याच्या मापावर, अवलंबून असतं. 28 अंश सेल्सिअसला पीएच 7 असेल तर एकूण अमोनियाचा 1 टक्क्याहूनही कमी भाग विषारी रूपात असतो. पीएच 8 झाला की तोच 6 ते 7 टक्क्यांवर जातो. त्याने कल्ले भाजतात. जीवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, मग त्याहून बरंच सौम्य नायट्रेट. नव्या टाकीत ही साखळी बसायला 4 ते 6 आठवडे लागतात. मधल्या काळात साठलेलं नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमताच काढून घेतं. मग लॅबिरिंथने कितीही हवा घेतली तरी ती अंगी लागत नाही. "हवेतून श्वास घेतो" हा युक्तिवाद इथे पुरता कोसळतो.

दुकानातल्या बरणीत ही साखळी बसतच नाही. फिल्टर नसतो, पाणी वारंवार पूर्ण बदललं जातं, आणि बुरशी होऊ नये म्हणून घातलेलं निळं मेथिलीन ब्ल्यू त्या उपयोगी जीवाणूंनाही मारतं. शिवाय अर्धा लिटर पाणी एसीखाली किंवा थंडीतल्या रात्री भराभर गार होतं. फायटरला 24 ते 28 अंश लागतात. त्याखाली पचन आणि प्रतिकारशक्ती मंदावते.

शंभर नरांना शंभर टाक्या द्या असं दुकानदाराला सांगणं अव्यवहार्य आहे, हे मान्य. पण लिटरभराची बरणी, रोज निम्मं पाणी त्याच तापमानाच्या क्लोरीन काढलेल्या पाण्याने बदलणं, मोजकं खाणं आणि दोन बरण्यांमध्ये पुठ्ठा, एवढं सहज जमतं. पुठ्ठा नसला की मासे दिवसभर एकमेकांना पाहून पर फुलवत थकतात. एकाच फिल्टरला जोडलेले कप्प्यांचे रॅक तर याहून बरे. काही दिवसांसाठी अशी बरणी आम्हाला मान्य आहे. तीच बरणी "घर" म्हणून गिऱ्हाइकाच्या हाती देणं मान्य नाही. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात माणूस सोडून प्रत्येक सजीव 'प्राणी' आहे, म्हणजे मासाही. मत्स्यालयांच्या दुकानांसाठी 2017 मध्ये वेगळे नियम आले होते, पण ते मागे घेतले गेले.

घेताना मासा नीट पाहा. पर मिटून तळाशी पडलेला, कल्ले लालभडक, अंगावर पांढरे ठिपके किंवा सोनेरी धुरळा, असा घेऊ नका. घरी निदान 20 लिटरची टाकी, हळू चालणारा स्पंज फिल्टर, थंडीसाठी छोटा हीटर आणि झाकणाखाली चार बोटं हवा ठेवा. आठवड्याला पाव भाग पाणी बदला.

मासा ज्या पिशवीतून घरी आणला ती टाकीत ठेवायची ती बंदच, 15 मिनिटं, फक्त तापमान जुळवायला. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे अमोनिया निरुपद्रवी रूपात दबलेला असतो. पिशवी उघडताच तो वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून प्रवास लांबचा झाला असेल तर पिशवी उघडून तासभर थेंब थेंब पाणी मिसळत बसू नका. मासा लगेच जाळीने उचलून टाकीत सोडा आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओता.