अर्धशिशी आणि ट्रान्सक्रेनियल डॉप्लर

ट्रान्सक्रेनियल डॉप्लर म्हणजे मेंदूच्या मोठ्या धमन्यांतून रक्त किती वेगाने वाहते, हे ध्वनिलहरींनी मोजण्याची तपासणी. नॉर्वेचे रुने ओस्लिड व सहकाऱ्यांनी ती १९८२ मध्ये मांडली. सोनोग्राफी म्हणजे गरोदरपण नाहीतर मुतखडा, असे समजणाऱ्या रुग्णाला डोक्याची सोनोग्राफी नवलाची वाटते.

कवटीचे हाड ध्वनिलहरी अडवते; फक्त कानशिलाजवळ ते पातळ असते. तिथे जेल लावून २ मेगाहर्ट्झचा प्रोब (ध्वनिलहरी सोडणारे हातातले उपकरण) जरा जरा कलता करत नेतात. साधारण पाच सेंटिमीटर खोलीवर मेंदूची मधली धमनी सापडली, की ठोक्यागणिक ‘सूं-सूं’ आवाज येतो आणि पडद्यावर लाट उमटते. मग रुग्णाला श्वास रोखायला सांगतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो, मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि मोठ्या धमनीतला वेग चढतो. काहींच्या, विशेषतः वयस्क स्त्रियांच्या, जाड हाडातून मात्र लहरी आत पोचतच नाहीत.

येथे मोजला जातो तो वेग. रक्ताचे प्रमाण नव्हे. नळीचे तोंड दाबले की धार जोरात जाते, म्हणून पाणी वाढले असे होत नाही. अर्धशिशीच्या संशोधनातला सगळा वाद याच मुद्द्याभोवती फिरला. १९९१ मध्ये डॅनिश संशोधकांना दुखऱ्या बाजूच्या धमनीत वेग कमी आढळला, म्हणजे धमनी फुगली असावी. सुमाट्रिप्टान हे अर्धशिशीवरचे औषध दिल्यावर वेग पूर्ववत झाला. पण २००८ मध्ये औषधाने अर्धशिशीचा झटका आणून एमआरआय केले, तेव्हा धमन्या फुगलेल्या दिसल्या नाहीत. आज दुखण्याचे मूळ चेहऱ्याच्या व डोक्याच्या संवेदना वाहणारे ट्रायजेमिनल मज्जातंतू आणि त्यांतून स्रवणाऱ्या सीजीआरपीसारख्या रसायनांत शोधले जाते.

म्हणून डॉप्लरवरून अर्धशिशीचे निदान होत नाही. ते होते रुग्णाचे नीट ऐकून: एका बाजूचा ठणका, मळमळ, उजेड सोसवत नाही, तासन्‌तास अंधारात पडून राहावे लागते. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो; अशा दिवसांत ऊन, कमी पाणी, उपवास आणि जागरण यांची विचारपूस कोणत्याही यंत्राइतकीच मोलाची. तपासणी केलीच, तर हिमोग्लोबिन आधी पाहावे. रक्त कमी असले की वेग आपोआप वाढतो, आणि रक्तक्षय असलेल्या बाईचा अहवाल त्यामुळे चुकीचा वाचला जाऊ शकतो. डोके एकाएकी, आयुष्यात कधी दुखले नाही इतके दुखले किंवा हातपाय लुळे पडले, तर डॉप्लरच्या नादी न लागता तातडीने रुग्णालय गाठून सीटी स्कॅन करावा.

खानदेशात या यंत्राची खरी निकड सातपुड्यात आहे. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा, धडगाव भागांतल्या आदिवासी समाजात सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार आढळतो. सिकलसेलच्या २ ते १६ वर्षांच्या मुलांत धमनीतला वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त भरला, तर पक्षाघाताचा धोका मोठा असतो. अशा मुलांना नियमित रक्त चढवल्यास तो बराच टळतो, हे १९९८ मध्ये सिद्ध झाले.