नुसते टाइप्स आणि पूर्ण क्लायंट: एकाच ओपनएपीआय फाइलीतून निघणाऱ्या दोन वेगळ्या गोष्टी

“एपीआयचा क्लायंट आम्ही जनरेट करून घेतला आहे,” असे कोणी सांगितले (क्लायंट म्हणजे सर्व्हरला विनंती पाठवून उत्तर वाचणारा कोड), की मी एकच प्रश्न विचारतो: जनरेट झालेल्या फाइलींमध्ये प्रत्यक्ष चालणारी कोडची एक तरी ओळ आहे का? पुष्कळदा उत्तर नकारार्थी असते आणि ते देणाऱ्यालाही त्याचे नवल वाटते. त्याच्याकडे असतात ते टाइप्स, म्हणजे कोणते फील्ड कोणत्या प्रकारचे हे कंपाइलरला सांगणारी वर्णने. क्लायंट त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेला असतो, किंवा अजून लिहायचा असतो. दोन्ही गोष्टी एपीआयचे वर्णन करणाऱ्या एकाच फाइलीतून, म्हणजे स्पेकमधून, निघतात, दोन्हींमुळे एडिटरमध्ये फील्डची नावे आपोआप सुचतात आणि चुकीचे नाव लिहिले की खाली लाल रेघ उमटते, म्हणून दोन्ही एकच वाटतात. प्रोग्रॅम सुरू झाल्यावर मात्र त्यांची वागणूक अगदी निराळी असते.

स्पेक म्हणजे येथे ओपनएपीआयची यॅमल किंवा जेसन फाइल. मूळचे नाव स्वॅगर. 2015 च्या अखेरीस हे स्पेसिफिकेशन लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील ओपनएपीआय इनिशिएटिव्हकडे गेले आणि त्यानंतर त्याला ओपनएपीआय हे नाव मिळाले. 2017 मध्ये 3.0 आणि 2021 मध्ये 3.1 ही आवृत्ती आली. कोणता पाथ (पत्ता) आहे, त्यावर कोणती एचटीटीपी मेथड (गेट, पोस्ट यांसारखी क्रिया) चालते, काय पाठवायचे आणि काय परत येईल, एवढे या फाइलीत लिहिलेले असते. त्या मजकुराचा कोड कसा करायचा, याविषयी ती गप्प असते आणि मतभेदाला वाव मिळतो तो इथेच.

पहिल्या प्रकारचे ठळक उदाहरण म्हणजे ओपनएपीआय-टाइपस्क्रिप्ट हे साधन. ते स्पेक वाचून टाइपस्क्रिप्टची एक फाइल लिहिते, जिच्यात ‘पाथ्स’, ‘कॉम्पोनन्ट्स’ आणि ‘ऑपरेशन्स’ असे मोठमोठे इंटरफेस असतात. कंपाइल झाल्यावर या फाइलीचे काहीही शिल्लक राहत नाही, कारण टाइपस्क्रिप्टचे टाइप्स जावास्क्रिप्टमध्ये उतरताना पुसले जातात. विनंती पाठवण्याचे काम आपण करायचे, किंवा त्याच मंडळींचे ओपनएपीआय-फेच हे छोटे आवरण वापरायचे, ज्यात आपण पाथ जसाच्या तसा लिहून गेट किंवा पोस्ट बोलावतो आणि उत्तरात ‘डेटा’ किंवा ‘एरर’ यांपैकी एक हाती येते.

दुसऱ्या प्रकारात ओपनएपीआय जनरेटर येतो. 2018 मध्ये स्वॅगर कोडजेनपासून फुटून निघालेला हा प्रकल्प जावात लिहिलेला आहे, तो मस्टॅश टेम्प्लेटांवर, म्हणजे कोडच्या साच्यांवर, चालतो आणि कित्येक भाषांमध्ये कोड काढून देतो. त्यातून मॉडेलचे क्लास, प्रत्येक टॅगसाठी (स्पेकमधल्या गटासाठी) एक एपीआय क्लास, प्रत्येक ऑपरेशनसाठी (पाथ आणि त्यावरची क्रिया यांच्या जोडीसाठी) एक मेथड, म्हणजे बोलावण्याजोगे फंक्शन, ऑथेंटिकेशनची जोडणी आणि जेसनचे ऑब्जेक्टमध्ये रूपांतर करणारा कोड असे सारे काही मिळते. स्पेकमध्ये दहा ओळी वाढल्या तरी इकडे शेकडो ओळी वाढू शकतात आणि पुल रिक्वेस्ट तपासणाऱ्याने त्या वाचाव्यात अशी कोणाचीच अपेक्षा नसते.

आता गोंधळ कुठे होतो ते एका उदाहरणावर पाहू. बिलाच्या नोंदीत ‘रक्कम’ हे फील्ड स्पेकमध्ये ‘नंबर’ असे लिहिले आहे, पण सर्व्हर ते अवतरणचिन्हांत, म्हणजे स्ट्रिंग म्हणून “1250.00” असे पाठवतो. दशांश रकमा अचूक राहाव्यात म्हणून अनेक बॅकएंड असे मुद्दाम करतात आणि स्पेक सुधारायचे राहून जाते. माझ्या एका जुन्या कामात नेमके हेच झाले होते. टाइप सांगत होता की हा आकडा आहे, त्यामुळे त्यात 50 रुपये शिपिंग मिळवणारी ओळ बिनतक्रार कंपाइल झाली आणि पडद्यावर बेरीज दिसली “1250.0050”. चूक टाइपची म्हणता येत नाही. स्पेकने जे सांगितले ते त्याने इमानाने पुढे सांगितले. येणारे उत्तर उघडून पाहणे हे त्याचे कामच नव्हते. तेच स्पेक घेऊन जावाचा पूर्ण क्लायंट काढला असता, तर त्या फील्डचा प्रकार बिगडेसिमल (जावातला अचूक दशांश आकडा) झाला असता आणि जेसन वाचणाऱ्या जॅक्सन लायब्ररीने मूळ सेटिंगमध्ये ती स्ट्रिंग मुकाट्याने आकड्यात बदलून घेतली असती. बेरीज बरोबर आली असती. स्पेक आणि सर्व्हर यांच्यात विसंगती आहे हे मात्र तिथेही कोणाला कळले नसते.

म्हणून “पूर्ण क्लायंट उत्तर तपासतो” हाही तितकाच अपुरा समज आहे. तो उत्तराचे रूपांतर करतो आणि रूपांतर करता करता जेवढे अडखळेल तेवढेच कळते. एकाच ओपनएपीआय जनरेटरमधली टाइपस्क्रिप्टची दोन टेम्प्लेटे याबाबत वेगळी वागतात. टाइपस्क्रिप्ट-फेच हे टेम्प्लेट प्रत्येक मॉडेलसाठी रूपांतराचे फंक्शन लिहिते, तारीख-वेळेच्या स्ट्रिंगचा खरा डेट ऑब्जेक्ट करते आणि अंडरस्कोरची नावे कॅमलकेसमध्ये आणते. टाइपस्क्रिप्ट-अ‍ॅक्सिऑस मात्र अ‍ॅक्सिऑस या विनंती पाठवणाऱ्या लायब्ररीने जे दिले ते, वरून टाइप चिकटवून, तसेच पुढे सरकवते. तारीख स्ट्रिंगच राहते. नाव क्लायंटचे असले, तरी उत्तराच्या बाबतीत हे दुसरे टेम्प्लेट पहिल्या प्रकारच्या, म्हणजे नुसत्या टाइप्सच्या पंक्तीत बसते. उत्तराची खरी झडती हवी असेल, तर स्पेकमधून झॉडसारख्या, चालू प्रोग्रॅममध्ये डेटा तपासणाऱ्या लायब्ररीचे स्कीमा (तपासणीचे नियम) काढून प्रत्येक उत्तर त्यातून गाळून घ्यावे लागते आणि ती तिसरीच गोष्ट आहे.

एनमच्या, म्हणजे ठरावीक मूल्यांपैकीच एक घेणाऱ्या फील्डच्या, बाबतीत फरक उलट्या बाजूने बोचतो. ऑर्डरच्या स्थितीसाठी स्पेकमध्ये तीन किमती (म्हणजे मूल्ये) आहेत आणि सर्व्हरवाल्यांनी एके दिवशी ‘अंशतः परत’ ही चौथी सुरू केली, असे समजा. नुसते टाइप्स वापरणाऱ्या वेबपेजवर काहीही मोडत नाही. स्विचमधली एकही केस जुळत नाही आणि त्या ऑर्डरीसमोरची जागा रिकामी दिसते. जावाच्या क्लायंटमध्ये मात्र अनोळखी किंमत दिसताच जनरेट केलेला एनम एक्सेप्शन फेकतो आणि एका ऑर्डरीपायी पन्नास ऑर्डरींची सबंध यादी वाचता येत नाही. अनोळखी किमतीसाठी एक राखीव पर्याय ठेवण्याची सोय जनरेटरमध्ये आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते. माझ्या मते ती पहिल्याच दिवशी चालू करावी.

मोठ्या आकड्यांचीही गोष्ट अशीच आहे. स्पेकमधला इंट-64 (64 बिटांचा पूर्णांक) जावात लाँग होतो आणि सुखरूप राहतो, तर टाइपस्क्रिप्टमध्ये दोन्ही प्रकारांत साधारणतः तो साधा नंबर होतो, ज्याची बिनचूक मर्यादा 9007199254740991 येथे संपते. 9007199254740993 हा आयडी सर्व्हरने पाठवला, तर ब्राउझरच्या हाती 9007199254740992 येतो. टाइपस्क्रिप्टमध्ये यांपैकी कोणतेही साधन निवडले तरी उपयोग नाही. असे आयडी स्पेकमध्येच स्ट्रिंग म्हणून लिहावेत.

फील्ड नसणे आणि फील्ड रिकामे असणे, ही जोडीही नीट वेगळी ठेवावी लागते. ‘रिक्वायर्ड’च्या यादीत नाव नसेल, तर फील्ड मुळीच न येण्याची मुभा असते; फील्ड येईल पण त्याची किंमत नल (म्हणजे ‘काही नाही’) असू शकेल, हे 3.0 मध्ये ‘नलेबल’ या शब्दाने, तर 3.1 मध्ये प्रकारांच्या यादीत नल घालून सांगतात. आवृत्तीचा आकडा बदलून 3.1 केला आणि ‘नलेबल’ तसेच राहू दिले, तर त्या आवृत्तीत त्या शब्दाला अर्थ उरत नाही. टाइपस्क्रिप्टचे टाइप्स हा भेद चोख उतरवतात: एकीकडे नावापुढे प्रश्नचिन्ह येते, दुसरीकडे ‘किंवा नल’. जावाच्या साध्या फील्डमध्ये दोन्हींचे नलच होते. पॅच विनंतीत, म्हणजे नोंदीचा काही भागच बदलणाऱ्या विनंतीत, एकाचा अर्थ ‘आहे ते राहू द्या’ आणि दुसऱ्याचा ‘पुसून टाका’ असा असतो, म्हणून जावासाठी जनरेटर अशा फील्डभोवती ‘जेसननलेबल’ नावाचे वेगळे वेष्टन घालू शकतो. ते दिसायला बोजड आहे, म्हणून लोक सेटिंग बदलून काढून टाकतात आणि काही महिन्यांनी ग्राहकांचे पत्ते का पुसले गेले याचा शोध घेत बसतात.

निवड करताना मी भाषेकडे पाहतो. वेबचा फ्रंटएंड टाइपस्क्रिप्टमध्ये असेल आणि सर्व्हर आपल्याच चमूचा असेल, तर मी नुसते टाइप्स घेतो; एक फाइल, पानाचा बोजा शून्य आणि विनंतीचा कोड डोळ्यांसमोर. जावा, कोटलिन किंवा सी-शार्पमध्ये क्लासशिवाय जेसन हाताळणे त्रासाचेच असते, तेव्हा तेथे पूर्ण क्लायंट काढण्यात शहाणपण आहे. बाहेरच्या ग्राहकांना लायब्ररी द्यायची असेल, तरी पूर्ण क्लायंटच लागतो, कारण त्यांच्या हाती टाइप्सची फाइल ठेवून “बाकीचे तुम्ही लिहा” असे सांगता येत नाही.

पूर्ण क्लायंट निवडणाऱ्याने एका गोष्टीची काळजी आधीच घ्यावी आणि ती म्हणजे ‘ऑपरेशन-आयडी’, स्पेकमध्ये प्रत्येक ऑपरेशनला दिलेले नाव. मेथडचे नाव त्यावरून ठरते. तो लिहिलेला नसेल, तर जनरेटर पाथ आणि एचटीटीपी मेथड यांची मोट बांधून ‘इन्व्हॉइसेस-आयडी-गेट’ अशा थाटाचे नाव स्वतःच तयार करतो. पुढे कोणीतरी सद्भावनेने ऑपरेशन-आयडी सुधारला, की सर्व्हरचा एकही पाथ न बदलता क्लायंटमधली मेथड नाहीशी होते आणि ती बोलावणारी प्रत्येक ओळ तुटते. पाथ लिहून बोलावणाऱ्या ओपनएपीआय-फेचच्या कोडला या बदलाचा पत्ताही लागत नाही. म्हणून स्पेकच्या तपासणीत ऑपरेशन-आयडी नसलेले ऑपरेशन आणि बदललेला ऑपरेशन-आयडी, हे दोन्ही मी बिल्ड थांबवण्याइतके गंभीर मानतो, आणि जनरेटरची आवृत्तीही आकड्यासकट पक्की लिहून ठेवतो, कारण टेम्प्लेट बदलले की स्पेक जागच्या जागी असूनही कोड हलतो.