हृदय-छाती शल्यचिकित्सेचे प्रशिक्षण (भारत)

हृदय, फुप्फुसे, अन्ननलिका आणि छातीतील मोठ्या रक्तवाहिन्या यांवर शस्त्रक्रिया करणारे सर्जन घडवणारे अतिविशेष शिक्षण. नेहमीचा मार्ग असा: एमबीबीएस, जनरल सर्जरीतील तीन वर्षांची एमएस, नंतर नीट-एसएस (अतिविशेष शाखांची राष्ट्रीय प्रवेशपरीक्षा) देऊन तीन वर्षांची एमसीएच ही अतिविशेष पदवी. राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या डीआरएनबीला (एमसीएचच्या तोडीची पात्रता) एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचाही पर्याय आहे. महाराष्ट्रातील सरकारी महाविद्यालयांत एमसीएच पदवी नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ देते.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. पण त्याआधी त्यांच्या पथकाने प्रयोगशाळेत कुत्र्यांवर दीर्घ सराव केला होता. हात आधी रुग्णाबाहेर तयार व्हावा, हा या शाखेचा पाया आहे.

पहिले वर्ष बहुतांशी आयसीयूत जाते आणि ते तसेच जायला हवे. बायपासनंतर छातीतल्या नळ्यांतून दर तासाला किती रक्त आले हे रेसिडेंट (प्रशिक्षणार्थी डॉक्टर) पाहतो. वाहती नळी एकाएकी थांबली, सीव्हीपी (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब) चढला आणि रक्तदाब घसरला, तर रक्तस्राव थांबला असे समजणे घातक ठरते. नळीत गुठळी अडकून हृदयाभोवती रक्त साचत असते (टॅम्पोनेड) आणि छाती पुन्हा उघडावी लागते, प्रसंगी खाटेवरच. आयसीडी (छातीतली नळी) टाकताना चीर बरगडीच्या वरच्या काठालगत घेतात, कारण शीर, धमनी आणि मज्जातंतू खालच्या काठाखालून जातात.

शस्त्रक्रिया तुकड्यातुकड्याने हाती येते. आधी पायाची शीर काढणे, मग स्टर्नम (छातीचे मधले हाड) कापणे आणि शेवटी स्टीलच्या तारांनी बंद करणे. पुढची पायरी रुग्णाला पंपावर (हृदय-फुप्फुसांचे काम करणाऱ्या यंत्रावर) घेण्याची. हेपरिन (रक्त गोठू न देणारे औषध) किलोमागे सुमारे ३०० युनिट देऊन एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) साधारण ४८० सेकंदांवर गेल्याची पंप चालवणाऱ्या पर्फ्युजनिस्टकडून खात्री केल्याशिवाय पंप सुरू करत नाहीत, नाहीतर पंपाच्या ऑक्सिजनेटरमध्ये (रक्तात प्राणवायू मिसळणाऱ्या भागात) रक्त गोठते. महाधमनीत कॅन्युला घालताना भूलतज्ज्ञाला सिस्टॉलिक दाब १०० च्या आसपास आणायला सांगतात. दाब चढा असला तर भिंतीचे पदर सुटण्याचा धोका वाढतो. पंपावरून उतरण्याआधी डाव्या बाजूची हवा नीट काढली नाही, तर तिचे बुडबुडे मेंदूत किंवा उजव्या कोरोनरीत (हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या धमनीत) जातात.

कोरोनरीवरचे जोडकाम सर्वांत उशिरा मिळते. धमनी जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची, धागा ७-० किंवा ८-० प्रोलीन (केसासारखा बारीक), डोळ्यांवर लूप (भिंगाचा चष्मा). नवख्याची ठरलेली चूक म्हणजे जोडाच्या टाच आणि टोकाच्या (दोन्ही टोकांच्या) टाक्यांत सुईने मागची भिंत पकडणे. ग्राफ्ट (जोडलेली नवी रक्तवाहिनी) तिथेच बंद होतो. दुसरी, सुई ओढून फिरवणे: मनगट वळले नाही तर भोक फाटते आणि पंप बंद झाल्यावर तिथूनच गळते. म्हणून वेट लॅबमध्ये (सरावाच्या प्रयोगशाळेत) डुकराच्या वा बकऱ्याच्या हृदयावर हेच टाके पुन्हा पुन्हा घालून घेतात. भारतात बायपास मोठ्या प्रमाणावर धडधडत्या हृदयावर, पंपाविना होते, त्यामुळे हलत्या जागी टाका घालण्याचा सराव इथे विशेष लागतो.

पूर्वी संधिज्वराने आकसलेली मायट्रल झडप बोटाने वा डायलेटरने उघडणे (क्लोज्ड मायट्रल वाल्वोटॉमी) हे रेसिडेंटचे पहिले स्वतंत्र ऑपरेशन असे. शिरेतून नेलेल्या बलूनने झडप उघडण्याची पद्धत आल्यावर ते जवळपास संपले. सोपे कोरोनरी अडथळे स्टेंटकडे गेले. आता सर्जनकडे येतात ते अनेक अडथळ्यांचे, मधुमेही, कमजोर हृदयाचे रुग्ण, ज्यांच्यावर शिकाऊ हाताला वाव कमी. शिकण्याचा काळ लांबतो आणि पदवीनंतरही काही वर्षे वरिष्ठांच्या हाताखाली काढावी लागतात. नीट-एसएसमध्ये या शाखेच्या जागा रिकाम्या राहण्यामागे हे एक मोठे कारण आहे.

छातीची बाजू बऱ्याच केंद्रांत दुर्लक्षित राहते. क्षयानंतरचा पू आणि जाड पापुद्रा सोलून फुप्फुस मोकळे करणे (डेकॉर्टिकेशन) हे आपल्याकडे नित्याचे काम आहे. पापुद्रा आणि फुप्फुस यांमधला योग्य थर सापडला नाही, तर फुप्फुस फाटून हवेची गळती आठवडेच्या आठवडे चालते. हे काम शिकायचे तर क्षयरुग्णालयातील पाळी अभ्यासक्रमात सक्तीची असायला हवी.